मोबाइल रॅम्प आणि कंटेनर यांच्यात पुन्हा पुन्हा फट पडते : कारण कसं शोधायचं, बंदोबस्त कसा करायचा

लक्षण सगळीकडे सारखंच. ट्रेलर यार्डात लागतो, कंटेनरची दारं पूर्ण फिरवून अंगाला बांधली जातात, मोबाइल रॅम्प मागून आणून त्याची लिप (वरच्या टोकाची लोखंडी जीभ) कंटेनरच्या उंबऱ्यावर टेकवली जाते, चेन अडकवली जाते आणि काम सुरू होतं. सुरुवातीची पॅलेट (फळ्यांच्या चौकटीवर रचलेला माल) नीट उतरतात. माल अर्ध्यावर आला की फोर्कलिफ्ट आत शिरताना 'धाड' असा आवाज येऊ लागतो. वाकून बघावं तर हातभर आत टेकवलेली लिप उंबऱ्यावर चार बोटं उरलेली असते. काम थांबवायचं, रॅम्प परत पुढे ढकलायचा, परत सुरू करायचं. तासाभराने तेच.

वेर्णे, कुंडई, थिवी, कुंकळ्ळी, डिचोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, अनेक जुन्या शेडना डॉक, म्हणजे गाडीच्या उंचीचा माल उतरवायचा ओटा, नाही. शेडची फरशी जमिनीच्या पातळीवर आणि ट्रेलरवरच्या कंटेनरची फरशी सव्वा ते दीड मीटर वर. मधलं अंतर मोबाइल रॅम्प भरून काढतो, म्हणून हा प्रश्न गोव्यात घरोघरी असल्यासारखा आहे. त्यावर ठरलेली दोन उत्तरं मिळतात: 'रॅम्पच खराब आलाय' किंवा 'चाकाला मोठा दगड लावा'. पहिलं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. दुसरं अर्धवट असतं, कारण दगड बऱ्याचदा चाकाच्या चुकीच्या बाजूला लावलेला असतो. ते पुढे सांगतो.

फट छोटी दिसते म्हणून ती हलक्यात घेऊ नका. अडीच टनी फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन चार टनांच्या आसपास असतं, वर टनभराचं पॅलेट. लिपची एक बाजू उंबऱ्यावरून सुटली तर हे पाच टन एका अंगावर कलंडतात, तेही छातीएवढ्या उंचीवरून. आत बसलेला माणूस आपलाच असतो.

आधी खडू घ्या

दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी एक साधी तपासणी करा. पैसे लागत नाहीत, पण उत्तर पक्कं मिळतं. पावसाचे दिवस असतील तर खडूऐवजी पेंट मार्कर घ्या.

रॅम्प लावून झाला, काम सुरू व्हायचंय, अशा वेळी तीन खुणा करायच्या. पहिली खूण रॅम्पच्या पायथ्याशी, त्याची खालची कड जमिनीला जिथे टेकते तिथे डाव्या-उजव्या दोन्ही टोकांना. दुसरी खूण ट्रेलरच्या सर्वांत मागच्या एक्सलच्या टायरवर. टायरच्या बाजूवरून खाली जमिनीपर्यंत एकच सलग रेघ ओढा, म्हणजे टायर बोटभर जरी फिरला किंवा घसरला तरी रेघ तुटलेली दिसेल. तिसरी खूण कंटेनरच्या आत, लिपचं टोक फरशीवर जिथे येतं तिथे. याशिवाय टेप घेऊन कंटेनरच्या उंबऱ्याची जमिनीपासूनची उंची दोन्ही कोपऱ्यांवर मोजून दारावरच लिहून ठेवा.

मग पाच-सहा पॅलेट नेहमीसारखी उतरवू द्या. ऑपरेटरला 'आज जपून चालव' म्हणू नका, नाहीतर तपासणीला अर्थ नाही. नंतर लिफ्ट बाहेर काढून बंद करा, आणि मगच खुणा बघायला जा.

पहिली रेघ उघडी पडली असेल तर रॅम्प मागे गेला. दुसरी तुटली असेल तर ट्रेलर पुढे गेला. तिसरी रेघ किती सरकली ते मोजा, कारण ती या दोन्हींची बेरीज असते. बहुतेकांना धक्का बसतो तो इथे. सगळे रॅम्पकडे बघत असतात आणि निम्म्याहून जास्त सरक ट्रेलरची निघते. पहिल्या दोन रेघा जागच्या जागी आणि तिसरीच हललेली असेल तर कंटेनर ट्रेलरवर सरकतोय. कंटेनर ट्रेलरला धरून ठेवणारे चारही ट्विस्टलॉक फिरवलेले आहेत का, ते आधी पाहा. गेटवर उतरवायची घाई असलेले ड्रायव्हर कधीकधी लॉक आधीच सोडून ठेवतात.

अजून एक खूण खडूशिवायही कळते. माल उतरवताना त्रास शेवटाकडे वाढतो की सुरुवातीला? कंटेनर रिकामा होत जातो तसा ट्रेलर हलका होतो आणि टायरची जमिनीवरची पकड कमी होते. म्हणून उतरवताना शेवटी शेवटी आणि भरताना सुरुवातीला फट पडत असेल, तर संशय ट्रेलरवर घ्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच सरक होत असेल तर रॅम्पवर.

उंचीचं मापही परत घ्या. वीस-बावीस टन माल उतरला की कमानपाटे मोकळे होतात आणि उंबरा काही सेंटिमीटर वर येतो. अनेक जण सगळा दोष यालाच देतात. हिशेब करून पाहा: नऊ मीटर लांबीचा रॅम्प १.४० मीटर उंचीवर लावलाय, आणि उंबरा पाच सेंटिमीटर वर गेला, तर लिपचं टोक आडवं सरकतं जेमतेम आठ मिलिमीटर. चार बोटं फट एवढ्याने पडत नाही. उंचीचा खरा त्रास वेगळा आहे, त्याकडे नंतर येऊ.

ढकल येते कुठून

होडीतून धक्क्यावर पाय टाकताना होडी मागे जाते हे गोव्यात लहान मूलही जाणतं. फोर्कलिफ्ट आणि रॅम्प यांचं नातं तेच आहे. लिफ्टचा वेग जिथे वाढतो किंवा कमी होतो, तिथे ती पायाखालच्या पृष्ठभागाला उलट दिशेने ढकलते. आता एका फेरीतल्या चार मोठ्या हालचाली डोळ्यांसमोर आणा.

लिफ्ट रॅम्पवर चढण्यासाठी रेस देते: रॅम्प मागे, म्हणजे कंटेनरपासून दूर ढकलला जातो. आत जाऊन पॅलेटसमोर ब्रेक मारते: कंटेनर, म्हणजे ट्रेलर, पुढे ढकलला जातो. पॅलेट उचलून रिव्हर्समध्ये झटक्यात निघते: ट्रेलर परत पुढे. रिव्हर्समध्ये उतरताना पायथ्याशी ब्रेक मारते: रॅम्प परत मागे. चारही वेळा ढकल दोघांना एकमेकांपासून तोडण्याचीच. माथ्यावर मध्येच ब्रेक मारला तर रॅम्प कंटेनरकडेही ढकलला जातो, पण चांगला ऑपरेटर तिथे थांबत नाही, त्यामुळे ती सरक परत भरून येत नाही. प्रत्येक ढकलीला दोन-चार मिलिमीटर गेले तरी वीस पॅलेटमध्ये लिप उंबऱ्याच्या काठावर येते.

ढकलीचा जोर किती? पाच टनांची भरलेली लिफ्ट ताशी सहा किलोमीटर वेगाने येऊन अर्ध्या मीटरात थांबली तर सुमारे १.४ टनांची आडवी ढकल बसते. तीच लिफ्ट ताशी तीन किलोमीटरने येऊन तेवढ्याच अंतरात थांबली तर ही ढकल साडेतीनशे किलोवर येते. वेग निम्मा केला की ढकल पावपट होते. सगळ्या उपायांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित उपाय हाच.

म्हणूनच दगड कुठल्या बाजूला हे महत्त्वाचं. ट्रेलर मागे येऊन रॅम्पवर आदळेल या भीतीने माणसं चाकाच्या मागच्या बाजूला ठोकळा लावतात. प्रत्यक्षात ट्रेलर पुढे पळतो. ठोकळा चाकाच्या पुढच्या बाजूलाही हवाच, म्हणजे हॉर्सकडच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीकडच्या) बाजूला, आणि तोही दोन्ही बाजूंच्या चाकांना. रॅम्पची चाकं कामाच्या वेळी जमिनीवर राहात असतील तर त्यांचा ठोकळा कंटेनरपासून दूरच्या बाजूला. फुकट मिळालेला चिरा किंवा ओला लाकडी ठोकळा पेव्हरवर चाकासकट घसरतो. खाली दाते असलेले रबरी चॉक घ्या आणि ते रॅम्पलाच छोट्या साखळीने बांधून ठेवा, नाहीतर महिन्याभरात ते दिसेनासे होतात.

चेन हा खरा इलाज, पण ताणलेली

ठोकळे रॅम्पला जमिनीशी आणि ट्रेलरला जमिनीशी धरतात. दोघांना एकमेकांशी धरते ती फक्त चेन. ढकल दोघांना तोडणारी आहे, त्यामुळे ही चेन हीच या कामातली मुख्य वस्तू. वेर्ण्याच्या स्थानकावर कोकण रेल्वेची रो-रो ज्यांनी जवळून पाहिली असेल त्यांना हे लगेच पटेल. १९९९ पासून तिथे भरलेले ट्रक वॅगनवर चढतात, आणि चढल्यावर नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर गाडी निघत नाही. चाकांना पाचर आणि वर साखळ्या. दोन्ही लागतात.

बहुतेक यार्डांत चेन असते, अडकवलेलीही असते, आणि तरी फट पडते. कारण ती लोंबत असते. दहा सेंटिमीटर ढिली चेन म्हणजे रॅम्पला दहा सेंटिमीटर पळायची मोकळीक. त्यानंतर जेव्हा ती ताणली जाते तेव्हा झटक्याने ताणली जाते, आणि झटक्याचा भार साध्या ओढीपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे दोन गोष्टी पाळायच्या. एक, चेनमध्ये टर्नबकल किंवा रॅचेट बाइंडर (चेन ताणायचं साधन) बसवून ती हाताने दाबली तर हलणार नाही इतकी ताणायची. दोन, लिप आत जेवढी टेकते तेवढं अंतर चेनच्या ढिलाईपेक्षा नेहमी जास्त हवं. लिप पंचवीस सेंटिमीटर आत असेल आणि चेन ताठ असेल तर एखादा ठोकळा निसटला तरी लिप उंबऱ्यावर राहते.

चेन दोन लागतात, रॅम्पच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून, सारख्या लांबीच्या. एकीकडे ताठ आणि एकीकडे ढिली असली तर रॅम्प तिरका वळतो आणि लिपचा एकच कोपरा उंबऱ्यावर उरतो. ते समोरून बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. हूक ट्रेलरच्या चासीच्या जाड आडव्या चॅनलला किंवा कंटेनरच्या खालच्या कोपऱ्यातल्या कॉर्नर कास्टिंगला घाला. मागच्या बंपरला नको, तो बऱ्याच ट्रेलरना दोन बोल्टवर लटकवलेला असतो. दाराच्या बिजागरीला नको, लॉकच्या दांड्याला तर मुळीच नको. चेन शक्य तितकी आडवी राहू द्या. खाली उतरती बांधलेली चेन रॅम्पला खाली दाबते पण मागे जाण्यापासून नीट धरत नाही.

चेन कुठली? हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारी, गेटला लावतात ती साधी चेन या कामाची नाही. उचलण्याच्या कामाची ग्रेड ८० चेन घ्या. ठरावीक कड्यांवर '८' किंवा '८०' असा ठसा असतो, तो बघूनच घ्या. १० मिमी ग्रेड ८० चेनचा सुरक्षित भार ३.१५ टन आहे. वरचा हिशेब लक्षात घेता अशा दोन चेन अडीच-तीन टनी लिफ्टला पुरेशा ठरतात. एखादी कडी ताणून लांब झाली असेल, घासून बारीक झाली असेल किंवा गंजाने पापुद्रे सुटत असतील तर ती चेन बाद. मध्ये नटबोल्ट घालून जोडलेली चेन वापरू नका. वेल्डिंग करून जोडलेलीही नको, ग्रेड ८० च्या कडीला यार्डात वेल्डिंग केलं की तिची ताकद जाते.

ट्रेलरचा ब्रेक लागलाय असं समजू नका

दुसरी रेघ तुटली तर पहिली चौकशी ब्रेकची. हॉर्सचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगवर असतो, हवा गेली तरी तो धरून राहतो. ट्रेलरच्या चाकांचं तसं प्रत्येक वेळी नसतं. जुन्या ट्रेलरना स्प्रिंग ब्रेक नसतात आणि ड्रायव्हर स्टिअरिंगजवळचा हँड व्हॉल्व्ह ओढून 'ब्रेक लावलाय' म्हणतो. तो ब्रेक हवेवर आहे. इंजिन बंद केलं, कुठे एखाद्या जोडात फुसफुस असली की तास-दीड तासात हवा उतरते आणि ट्रेलरची चाकं मोकळी होतात. माल अर्धा उतरल्यावर त्रास का सुरू होतो याचं हे दुसरं कारण. तपासायचं सोपं आहे: ड्रायव्हरला गेज बघायला सांगा, आणि ट्रेलरच्या नळ्यांजवळ कान लावा.

हॉर्स जोडलेलाच ठेवा. न्हावा-शेवाहून किंवा अनमोड घाट उतरून आलेल्या ड्रायव्हरला ट्रेलर सोडून दुसरी फेरी मारायची घाई असते, ते समजण्यासारखं आहे. पण हॉर्स काढला की ट्रेलरचा पुढचा भाग लँडिंग लेगवर उभा राहतो. आपल्या तांबड्या मातीच्या यार्डात, त्यातही पावसात, ते पाय रुततात, आणि भरलेली लिफ्ट कंटेनरच्या पुढच्या टोकाला गेली की पुढचा भाग बसतो. काढणं भागच असेल तर पायांखाली जाड लोखंडी प्लेट आणि पुढे वेगळे स्टँड लावल्याशिवाय आत लिफ्ट घालू नका. आणि काम चालू असेपर्यंत गाडीची चावी सुपरवायझरच्या खिशात. ड्रायव्हर झोपेतून उठून 'झालं असेल' म्हणून गाडी पुढे घेतो, तेव्हा कुठलीही चेन पुरत नाही.

पायरी तयार होते तेव्हा

आता उंचीचा खरा त्रास. मोबाइल रॅम्प दोन तऱ्हांनी उभे राहतात. काहींची लिप कंटेनरच्या फरशीवर वजन टाकून बसते आणि ट्रेलर वर-खाली झाला की लिपही त्याच्याबरोबर हलते. काही रॅम्प स्वतःच्या पायांवर, पिन लावून, ठरलेल्या उंचीवर उभे असतात. दुसऱ्या प्रकारात ट्रेलर हलका होऊन वर आला की उंबऱ्यापाशी एक पायरी तयार होते. लिफ्टची पुढची चाकं छोटी आणि टणक रबराची असतात. ती या पायरीवर आदळतात. 'धाड' हा आवाज तोच. प्रत्येक आदळण्याने ट्रेलर पुढे ठोकला जातो आणि सरक वाढत जाते. म्हणजे पायरी फट तयार करत नाही, पण फटीचा वेग वाढवते.

उपाय असा की चार-पाच पॅलेटनंतर लिफ्ट बाहेर काढून उंची परत जुळवायची. आपल्या रॅम्पच्या पाटीवर बनवणाऱ्याने कुठली पद्धत लिहिली आहे ते वाचा आणि तीच पाळा. लिप टेकवायच्या रॅम्पला पाय लावून ठेवणं आणि पायांवरच्या रॅम्पला लिपवर लोंबकळत ठेवणं, दोन्ही चूक.

याच जागी दुसरंही काही आदळतं. साध्या कंटेनरच्या दाराची मोकळी उंची २.२८ मीटर असते. अडीच टनी लिफ्टचा छत-गार्ड आणि बंद मास्ट (काटे वर-खाली नेणारा उभा खांब) साधारण दोन-सव्वादोन मीटरच्या आत बसतात. चढावरून आत वळताना लिफ्टचं तोंड वर असतं, आणि रॅम्पचा वरचा सपाट भाग आखूड असेल तर मास्टचं टोक दाराच्या वरच्या चौकटीला लागतं. तिथे नवा ओरखडा दिसला तर समजा की ट्रेलर ढकलला जाण्याचं एक कारण सापडलं. काटे जमिनीपासून वीतभरापेक्षा वर नेऊन आत शिरू नये, आणि कंटेनरच्या कामाला फ्री लिफ्ट असलेला, म्हणजे काटे उचलताना लगेच उंच न होणारा, मास्टच हवा.

मासळीचा रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, असेल तर फरशी प्लायवूडची नसून अॅल्युमिनियमच्या टी-पट्ट्यांची असते. त्यावर लिपची कड थेट टेकवली तर पट्ट्या चेपतात आणि लिप नीट बसत नाही. खाली रबराची जाड पट्टी घाला.

पाऊस आणि खारा वारा

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उन्हाळ्यात नीट चाललेली तीच माणसं, तोच रॅम्प, मिरगानंतर त्रास देऊ लागतात ते यामुळे. लिफ्टच्या चाकांबरोबर तांबडी माती वर येते, ग्रेटिंगच्या (रॅम्पच्या जाळीदार लोखंडी पृष्ठभागाच्या) चौकटीत भरते, आणि दातेरी लोखंड गुळगुळीत फरशी होऊन जातं. चाकं घसरली की ऑपरेटर जास्त रेस देतो, जास्त रेस म्हणजे जास्त ढकल. दिवसाच्या शेवटी पाण्याच्या प्रेशरने ग्रेटिंग खालून-वरून धुवा. खालून धुणं महत्त्वाचं, वरून धुतलं तर चिखल फक्त आत बसतो. वर्षानुवर्षं वापरून दाते घासले गेले असतील तर त्या भागावर आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या.

पेव्हरवर शेवाळ धरतं तिथे रॅम्पचा पायथा ठेवू नका. शक्य असेल तर रॅम्प लागतो तेवढ्या भागात काँक्रीट घालून घ्या, वर झाडूने खरखरीत फिनिश, आणि ओतण्याआधीच दोन्ही बाजूंना जाड लोखंडी कड्या गाडून घ्या. रॅम्पच्या खालच्या टोकाला या कड्यांशी चेनने बांधलं की रॅम्प मागे जायचा प्रश्नच उरत नाही. ज्या यार्डात कंटेनर नेहमी एकाच जागी लागतो तिथे माझ्या मते यापेक्षा चांगला खर्च नाही. नवीन रॅम्प घ्यायच्या आधी हे करा.

जागा निवडताना उताराकडे बघा. पाणी जावं म्हणून यार्डाला थोडा उतार दिलेला असतो, आणि वेर्ण्यासारख्या पठारावर कापून केलेल्या यार्डात तो बऱ्यापैकी असतो. ट्रेलरचं तोंड उताराकडे असेल तर उतारही त्याला रॅम्पपासून ओढणार. ट्रेलर आडवा लावा, किंवा तोंड चढाकडे.

हायड्रॉलिकबद्दल थोडक्यात. रॅम्प हळूहळू खाली बसत असेल तर संध्याकाळी रिकामा रॅम्प कामाच्या उंचीवर पंप करून, खाली कोणी जाणार नाही अशी दोरी बांधून, उंची लिहून ठेवा आणि सकाळी परत मोजा. उतरला असेल तर सील गेलेत किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे. वास्को, मुरगावच्या बाजूला समुद्राच्या वाऱ्याने सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर बारीक गंजाचे खड्डे पडतात, आणि तो दांडा प्रत्येक वेळी आत जाताना नवा सील कापतो. दांडा बदलल्याशिवाय सील बदलत राहणं म्हणजे पैसे वाया. काम नसेल तेव्हा सिलिंडर आत बंद ठेवा, बाहेर राहणाऱ्या भागाला ग्रीस लावा, आणि गळलेलं तेल जमिनीवर राहू देऊ नका, पायथ्याची पकड तेच घालवतं.

चालवणाऱ्या माणसाबद्दल

वर वेगाचा हिशेब दिला तो ऑपरेटरच्या माथी मारायला नाही. 'अजून चार कंटेनर आहेत, हात चालव' असं ज्याला दिवसभर सांगितलं जातं तो ताशी तीन किलोमीटरने कसा जाईल? हळू चालवायला सांगायचं तर तेवढा वेळ कामाच्या वेळापत्रकात धरा. नऊ मीटरच्या रॅम्पवर १.४० मीटर चढणं म्हणजे पंधरा टक्क्यांहून जास्त चढ. डिझेल लिफ्ट तो भरलेल्या अवस्थेत चढते, पण अनेक बॅटरीच्या लिफ्टना तो जड जातो, आणि दम लागलेली लिफ्ट झटके देत चढते. लिफ्टच्या पाटीवर किंवा पुस्तकात चढाचा आकडा बघा. चढ जास्त असेल तर लांब रॅम्प लागेल, रेस देऊन भागत नाही.

भरलेली लिफ्ट चढताना पुढे तोंड करून, उतरताना रिव्हर्समध्ये, म्हणजे माल कायम चढाच्या बाजूला. रॅम्पवर वळायचं नाही. एका वेळी एकच लिफ्ट. हमालांना हँड पॅलेट घेऊन या उतारावर पाठवू नका, टनभर वजन सुटलं तर ते माणसाच्या अंगावर येतं. आपल्या यार्डांत ओडिशा, झारखंड, उत्तर कर्नाटकातून आलेली मुलं काम करतात. सूचनांची पाटी फक्त इंग्रजीत लावून जबाबदारी संपत नाही. ती हिंदीतही लावा, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी लिपजवळ उभं करून हाताने दाखवा की रेघ कुठे असते आणि ती दिसेनाशी झाली की काय करायचं.

ती रेघ कायमची करून घ्या. लिपच्या वरच्या बाजूला टोकापासून वीस सेंटिमीटरवर पिवळ्या पेंटचा पट्टा मारा. हा पट्टा कंटेनरच्या उंबऱ्याच्या आत असलाच पाहिजे. पट्टा उंबऱ्याबाहेर दिसला की काम थांबलं, मग हुद्द्याने कोणीही असो. 'थांबा' म्हणायचा अधिकार लिपजवळच्या हेल्परलाही द्या, कारण लिफ्टवर बसलेल्याला मालाआड लिप दिसत नाही.

लिफ्ट आत असतानाच पट्टा बाहेर आला तर

ऑपरेटरला हात दाखवून जागीच थांबवा. त्याने काटे खाली टेकवावेत, पार्किंग ब्रेक लावावा आणि लिफ्ट बंद करावी. अशा वेळी रिव्हर्स घेऊन पटकन बाहेर काढायचा मोह होतो, पण रिव्हर्सची पहिली ढकल ट्रेलरला अजून पुढे घालवते आणि उरलेली लिप सुटते. ऑपरेटर बेल्ट सोडून आतच थांबेल, उडी मारून लिपवरून येणार नाही. ट्रेलरच्या चाकांना पुढून ठोकळे घाला, ब्रेकची हवा बघा. मग दुसऱ्या लिफ्टने किंवा हायड्राने (चाकांच्या छोट्या क्रेनने) रॅम्प सरळ रेषेत, हळू, आत ढकला, दोन्ही बाजूंना सारखा. त्या वेळी रॅम्पच्या आणि ट्रेलरच्या मध्ये कोणीही उभं नको, लिपची उंची बघायलाही नको. लिप पट्ट्यापर्यंत आत गेली, दोन्ही चेन ताणल्या, ठोकळे परत तपासले, की आतल्या लिफ्टने बेल्ट बांधून, काट्यांवर माल न घेता, पायी चालण्याच्या वेगाने बाहेर यावं. उरलेला माल काढण्याआधी तिन्ही खुणा नव्याने मारा.